खवलेसर गोल झाले

एका जंगलात, जिथे रस्ता नव्हता, वीज नव्हती, पण चित्रपट महोत्सव मात्र होता, एक खवले मांजर राहत होतं.

खवले मांजर माहीत आहे ना, मुलांनो? नाही, मांजर नसतं ते. नावातच काय ते मांजर. अंगभर कौलांसारखे खवले, हातभर लांब जीभ, आणि जेवायला फक्त मुंग्या आणि वाळवी. कोणी अंगावर आलं की डोकं पोटात घालायचं, शेपूट वरून गुंडाळायची आणि गोल व्हायचं. एकदा गोल झालं की वाघालाही उघडत नाही. त्या जंगलातला वाघ आठवड्यातून एकदा प्रयत्न करायचा आणि दाढ धरून घरी जायचा.

या खवले मांजराला सगळे 'खवलेसर' म्हणायचे, कारण त्यांनी चित्रपट काढायचं ठरवलं होतं. काढला नव्हता हं. ठरवलं होतं. आपल्याकडे सर व्हायला तेवढं पुरतं.

चित्रपटाचा विषय होता उपासमार. नाव होतं 'रिकामी ढोली'. गोष्ट अशी, की एक धनेशीण झाडाच्या ढोलीत पिल्लांना घेऊन बसली आहे. पिल्लं भुकेली आहेत. नवरा फळं आणायला गेला आहे. तो येत नाही. दोन तास येत नाही. मग चित्रपट संपतो.

"सर, शेवटी तरी येतो का हो तो?" कॅमेरामन रंगनाथ सरड्याने विचारलं. त्याचा एक डोळा सरांकडे होता आणि दुसरा माशीकडे.

"रंगनाथ, नवरे येतात ते धंदेवाईक सिनेमात," सर म्हणाले.

रंगनाथला हे इतकं पटलं की तो हिरव्याचा तांबडा झाला.

आता चित्रपटाला आवाज लागतो. जंगलात आवाजातला जाणकार एकच होता, दाजीबा. दाजीबा धनेश. ही एवढी मोठी चोच. बूम माहीत आहे का, बूम? लांब काठीच्या टोकाला माइक बांधतात आणि बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरतात, तो. दाजीबा बूम चोचीत धरायचा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. माकडांच्या लग्नांत तो आवाज रेकॉर्ड करायचा. रोजची चाळीस उंबरं, संध्याकाळी चोचीतल्या चोचीत.

आणि त्या दिवसांत त्याला उंबरांची फार गरज होती. का, ते नीट ऐका. मागच्या रांगेतल्यांनी चुळबुळ थांबवा, नाहीतर मी पाणी प्यायला जाईन.

धनेशांची रीत अशी, की अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत जाऊन बसते आणि दार मातीने लिंपून घेते. आतून. एक बारीक फट तेवढी ठेवते. मग आत तिची पिसं गळतात, नवी यायला महिने लागतात, आणि तोवर तिला उडता येत नाही. नवऱ्याने फळं आणायची आणि फटीतून एकेक आत द्यायची. त्याने आणली तर ती जेवणार. नाही आणली तर नाही. बास, इतका सरळ हिशोब. दाजीबाची बायको वसुमती तेव्हा दोन अंड्यांवर अशीच बसली होती.

तर एके सकाळी घोरपडेबाई दाजीबाकडे आल्या. या घोरपडेबाई म्हणजे घोरपड, आणि चित्रपटाच्या निर्मिती व्यवस्थापक. एकदा चिकटल्या की सुटत नसत.

"दाजीबा, तुम्हाला कला हवी की उंबरं?"

"दोन्ही नाही का मिळणार?"

"अहो, मिळणार ना! कला आत्ता, उंबरं नंतर. याला डिफर्ड म्हणतात."

"म्हणजे उधारी?"

"शी! काय बोलता? उधारीत घेणारा ओशाळतो. डिफर्डमध्ये मागणारा ओशाळतो. केवढा फरक आहे!"

मग त्यांनी सागाच्या पानावर लिहिलेला करार काढला. रोजची चाळीस उंबरं, चित्रपट पूर्ण झाल्यावर. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत : नामावलीत नाव. एकट्याचं. अख्ख्या पडद्यावर.

इथे दाजीबाचं पाणी झालं. त्याच्या घराण्यात कोणाचं नाव कधी कुठे लिहिलं गेलं नव्हतं. घराच्या दारावरसुद्धा नाही, कारण दार असायचं लिंपलेलं. त्याने करारावर चोच टेकवली.

त्या संध्याकाळी तो ढोलीपाशी गेला. फटीतून वसुमतीच्या चोचीचं टोक बाहेर आलं.

"आलात? द्या."

"अगं, आज काय झालं माहीत आहे का..."

"आधी द्या, मग सांगा."

दाजीबाने घसा खाकरला. "नाव मिळालं."

"काय मिळालं?"

"नाव. पडद्यावर. एकट्याचं."

चोचीने फटीच्या आसपास चाचपून पाहिलं. "कुठंय?"

"अजून यायचंय. चित्रपट पूर्ण झाला की."

"म्हणजे उंबर नाही, आणि उंबराच्या बदल्यात जे आहे तेही नाही?"

दाजीबाला हे असं मांडलेलं आवडलं नाही. त्याने उरलेल्या उजेडात जाऊन पाच करवंदं आणि एक किडकं उंबर शोधून आणलं. वसुमतीने किड्यासकट खाल्लं. "उद्या बघू," ती म्हणाली.

शूटिंग सुरू झालं! काय तो थाट! पहिल्या दिवशी नारळ फोडला. नारळ तेवढा डिफर्ड नव्हता, कारण माकडाने आधी केळी मोजून घेतल्याशिवाय तो दिलाच नाही. माकडं कलेत फार मागे आहेत.

नायिकेच्या भूमिकेत लांडोर होती. तिची चोच लहान पडली म्हणून केळफुलाची चोच लावली. दर अर्ध्या तासाने ती चोच गळून पडायची आणि लांडोर म्हणायची, "मी हे का करते आहे?" सर म्हणायचे, "व्वा! हाच भाव धरून ठेव."

गर्दीच्या दृश्यांसाठी पाच हजार मुंग्या आणल्या होत्या. त्यांचं मानधन मात्र एक दिवससुद्धा थकलं नाही. दृश्य झालं की सर सेटवरच जेवायला बसत, आणि मग मानधन मागायला कोणी उरत नसे. घोरपडेबाई यादीवर बरोबरची खूण करत. जेवण निर्मात्याकडून, हेही करारात होतं बरं का. रोज सर्वांना वाढलं जायचं. आता तुम्ही मुंग्या खात नसाल तर तो तुमचा प्रश्न.

दाजीबा पहाटे जायचा तो अंधार पडायला सुटायचा. दिवसभर चोचीत बूम, त्यामुळे बोलायची सोय नाही. आणि तिथे एक कडक नियम होता. सर 'कट' म्हणेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. झाड पडलं तरी नाही. दाजीबा हा नियम इतका पाळायचा की एकदा त्याच्या पाठीवर कोळ्याने जाळं विणलं आणि त्यात सुखाने राहू लागला.

चौदाव्या दिवशी 'कट' झाल्या झाल्या दाजीबाने बूम खाली ठेवला आणि धीर करून म्हणाला, "सर, ते उंबरांचं..."

गर्रकन आवाज झाला. सर गोल झाले.

"अरेरे! काय केलंत हे दाजीबा?" घोरपडेबाई धावत आल्या. "आता उद्या दुपारपर्यंत उघडायचे नाहीत सर! सगळा खोळंबा! कोणामुळे?"

"दाजीबामुळे," सगळं युनिट म्हणालं. यातल्या कोणालाच काही मिळालं नव्हतं, पण दाजीबाने ते बोलून दाखवलं याचा त्यांना राग आला. तुम्ही वर्गात असंच करता की नाही? सगळ्यांनाच गृहपाठ समजलेला नसतो, आणि जो विचारतो त्याच्यावर सगळे डोळे वटारतात.

दाजीबा ओशाळला. अगदी करारात ठरल्याप्रमाणे ओशाळला. त्याने त्या गोळ्याची माफी मागितली. गोळ्याला तोंड कुठल्या बाजूला आहे ते कळेना, म्हणून चारही बाजूंनी मागितली.

तिथून तो शेकरूशेठच्या दुकानात गेला. शेकरू, म्हणजे ती मोठी झुपकेदार शेपटीची खार. जंगलात उंबरांचं दुकान तेवढं एकच.

"शेठ, दहा उंबरं द्या. डिफर्डमध्ये."

शेकरूशेठ रिकाम्या फांदीवर बसले होते. डोक्यावर टोपी, गळ्यात पट्टा, पट्ट्यावर लिहिलेलं 'सहनिर्माता'.

"दाजीबा, सगळा माल चित्रपटात घातला," ते म्हणाले. "दोन हजार उंबरं. युनिटच्या जेवणासाठी म्हणून घोरपडेबाई घेऊन गेल्या. छान जेवता ना रे तुम्ही सगळे?"

दाजीबा काय बोलणार? "टोपी शोभते शेठ तुम्हाला," एवढंच म्हणाला आणि निघाला.

ढोलीपाशी पोचला तर आतून चिवचिवाट येत होता. अंडी फुटली होती. दोन पिल्लं. दाजीबाला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. त्याने फांदीवर दोन उड्या मारल्या, फटीला डोळा लावला, पण आत नुसता काळोख होता.

"कोणासारखी आहेत गं?"

"भुकेसारखी आहेत," वसुमती म्हणाली. तिचा आवाज आज बारीक होता. "काय आणलंत?"

दाजीबाने चार करवंदं दिली. मग, आज आनंदाचा दिवस म्हणून, पिल्लांना फटीतून सांगितलं, "बाळांनो, तुमच्या बाबांचं नाव येणार आहे पडद्यावर!" रोजच सांगायचा तो हे. अंड्यांनासुद्धा सांगायचा. पोटात काही जात नव्हतं तेव्हा कानात तरी जावं, असं त्याला वाटायचं. भाबडा होता हो फार.

"अहो, ऐका," वसुमती म्हणाली. "मी भांडत नाही. भांडायला ताकद नाही. एवढंच सांगते. उद्या संध्याकाळपर्यंत पोटभर आणलंत तर ठीक. नाहीतर मी भिंत फोडून बाहेर पडणार आणि स्वतः शोधणार."

"अगं, तुला पिसं कुठे आहेत? खाली पडशील!"

"पडेन. पण आत बसून पडद्यावरचं नाव खायचं का आम्ही?"

आता मुलांनो, गंमत थोडी बाजूला ठेवा. ती ढोली जमिनीपासून सहा पुरुष उंच होती. खाली उतार, उतारावर दगड. वसुमतीने हे म्हटलं ते घाबरवायला नव्हे. दाजीबाला ते कळलं आणि त्याला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सर उघडले. शेवटच्या दृश्याचा दिवस! आणि लांडोर पळाली. मोरांच्या लग्नात नाचायला गेली. तिथे आगाऊ देत होते. जाताना केळफुलाची चोचही नेली, भाजी करायला.

"दुसरी धनेशीण कुठून आणू आता मी?" सरांनी कपाळाला हात लावला.

घोरपडेबाई हळूच म्हणाल्या, "सर, दाजीबांची बायको ढोलीतच असते. खरी ढोली. खरी भूक. सगळं फुकट."

सरांचे डोळे भरून आले. "वास्तव!" ते म्हणाले.

आणि सगळं युनिट दाजीबाच्या घरी निघालं. दाजीबाला एकीकडे धस्स झालं आणि दुसरीकडे, खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. सर स्वतः आपल्या घरी! त्याने पुढे उडत जाऊन फांदीवरची पानं झाडली.

सर झाड चढून ढोलीसमोरच्या फांदीवर बसले. रंगनाथने कॅमेरा लावला. दाजीबाने बूम चोचीत धरला.

"वहिनी," सर मधाळ आवाजात म्हणाले, "एकच वाक्य आहे. फटीतून चोच काढायची आणि म्हणायचं, 'थांबा बाळांनो, बाबा येतील.' जमेल?"

"जमेल की," आतून आवाज आला. "उंबरं किती?"

"वहिनी, मानधन डिफर्ड आहे."

"हो का? बरं. मग वाक्यही डिफर्ड."

"म्हणजे?"

"चित्रपट पूर्ण झाला की म्हणेन. सावकाश. दोनदासुद्धा म्हणेन."

"पण तुम्ही वाक्य म्हटल्याशिवाय चित्रपट पूर्ण कसा होणार?"

"आणि मी जेवल्याशिवाय वाक्य कसं म्हणणार? भाऊजी, सोपं आहे. उंबर आत, वाक्य बाहेर."

सगळं युनिट सुन्न झालं. काम करायचं आणि लगेच मोबदला घ्यायचा! असली भन्नाट पद्धत त्यांनी कधी ऐकली नव्हती. रंगनाथ एका दमात पाच रंगांचा झाला. घोरपडेबाईंची झाडावरची पकड आयुष्यात पहिल्यांदा ढिली झाली.

"कॅमेरा सुरू!" सर घाईने ओरडले, म्हणजे विषय बदलेल. "वहिनी, कलेसाठी..."

"उंबर," ढोली म्हणाली.

"इतिहासात तुमचं..."

"उंबर."

आणि सर गोल झाले.

आता सांगा पाहू, जमिनीवर गोल झालेलं खवले मांजर काय करतं? काही नाही, पडून राहतं. आणि सहा पुरुष उंच फांदीवर गोल झालेलं? बरोब्बर! फांदी वाकली, गोळा निसटला, धप्पकन खाली पडला आणि उतारावरून गडगडत सुटला. दगडावर आपटला, उडाला, झोपलेल्या वाघाच्या नाकावरून गेला. वाघाने एक डोळा उघडला, हळूच दाढेवर पंजा ठेवला आणि डोळा पुन्हा मिटला. गोळा गडगडत गडगडत उताराच्या तळाशी गेला आणि सरांच्याच बिळाच्या तोंडावर धाडकन आदळला. बिळाचं तोंड ढासळलं.

आतून उंबरं बाहेर आली. बदाबदा! उंबरंच उंबरं! थोडी सुकलेली, पण लाल, गोड, दोन हजार. त्यात एक पाटी होती : 'महोत्सवाच्या पार्टीसाठी. हात लावू नये.'

"अहो, ही तर मी युनिटच्या जेवणासाठी दिलेली!" शेकरूशेठ किंचाळले. टोपी सावरत तेही शूटिंग बघायला आले होते.

"पाहुणेही युनिटच असतात," घोरपडेबाई म्हणाल्या.

हे सगळं दाजीबाने वरून पाहिलं. पण तो हलला नाही. चोचीत बूम, कॅमेरा सुरू, आणि 'कट' म्हटलेलं नाही. कोण म्हणणार? 'कट' म्हणणारा गोल झालेला! रंगनाथही शूट करतच राहिला, एका डोळ्याने ढोली आणि दुसऱ्याने गोळा. नियम म्हणजे नियम.

इतक्यात फटीभोवतालच्या मातीचा एक ढलपा सुटून खाली पडला. मग दुसरा. वसुमती भिंत फोडत होती. सांगितल्याप्रमाणे.

दाजीबाने खाली पाहिलं. ढोलीकडे पाहिलं. जन्मात त्याने 'कट'आधी बूम सोडला नव्हता. त्याच्या बापाने सोडला नव्हता.

त्याने बूम सोडला.

आणि काय उडालाय म्हणता! पाठीवरचं कोळ्याचं जाळं फाटून कोळी वाऱ्यावर गेला. दाजीबा उंबरांच्या ढिगावर तुटून पडला, घशात मावतील तेवढी भरली आणि वर आला. फुटक्या भिंतीतून वसुमती अर्धी बाहेर डोकावली होती. तिच्या अंगावर खरंच पिसं नव्हती. त्याने पहिलं उंबर तिच्या चोचीत कोंबलं, दुसरं एका पिल्लाच्या, तिसरं दुसऱ्याच्या. पुन्हा खाली, पुन्हा वर. पुन्हा खाली, पुन्हा वर! एकवीस फेऱ्या केल्या. वसुमती खात खात मागे सरकली आणि खाता खाताच तिने भिंत परत लिंपून घेतली.

मग तिला आठवलं. बाई शब्दाची पक्की. मोबदला मिळाला होता. तिने फटीतून चोच काढली आणि वाक्य म्हटलं. तोंडात चार उंबरं होती, त्यामुळे काही कळलं नाही. रेकॉर्डही झालं नाही, कारण माइक खाली गवतात पडला होता. त्यात फक्त मुंग्यांचं हसणं आलं.

सर तीन दिवसांनी उघडले. त्यांनी चित्रीकरण पाहिलं. शेवटी पडद्याच्या एका बाजूला एक चोच गपागप खाते आहे, दुसऱ्या बाजूला एक गोळा गडगडतो आहे, आणि मागे कोणीतरी खुदुखुदु हसतंय.

"हेच! अगदी हेच मला हवं होतं," सर म्हणाले.

महोत्सवात परीक्षक तीन घुबडं होती. खेळ भर दुपारी ठेवला होता, त्यामुळे त्यांना काहीच दिसलं नाही. त्यांना चित्रपट अतिशय आवडला. "भुकेचं इतकं भीषण दर्शन आम्ही पूर्वी पाहिलं नव्हतं," त्यांनी निकालात लिहिलं. 'रिकामी ढोली'ला पहिलं बक्षीस!

दाजीबा मान उंच करून नामावलीची वाट पाहत होता. ती आलीच नाही. झालं असं, की नामावलीचं सागाचं पान वाळवीने खाल्लं होतं, आणि ती वाळवी सरांनी खाल्ली होती. "म्हणजे एका परीने तुम्हा सगळ्यांची नावं सरांनी पोटाशी जपली आहेत," घोरपडेबाई गहिवरून म्हणाल्या. दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

महोत्सवाचे अध्यक्ष होते कासव. त्यांनी सरांना शाल दिली, श्रीफळ दिलं.

"आणि बक्षिसाची हजार उंबरं?" सरांनी विचारलं.

"प्रायोजक मिळाले की," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे कधी?"

अध्यक्षांनी डोकं आत घेतलं. मग पाय आत घेतले. मग शेपूट.

सरांनी पाठीवर टकटक केली. वाट पाहिली. पुन्हा टकटक केली. आणि त्यांना असं काही भडभडून आलं की तेही गोल झाले. व्यासपीठावर एक बंद आणि एक गोल. सूत्रसंचालन करणाऱ्या साळुंकीने दोघांनाही हार घातला.

झालं. पुढे महिना गेला. वसुमतीला पिसं आली, तिने भिंत फोडली आणि भरारी घेऊन बाहेर आली. थोरलं पिल्लू मुलगी होती, कुंदा. वसुमती तिला म्हणाली, "चल कुंदा, उड आता."

"नंतर," कुंदा म्हणाली. तिचा पहिला शब्द तोच होता.

त्याच आठवड्यात घोरपडेबाई पुन्हा आल्या. नवा चित्रपट! विषय, काम करूनही मोबदला न मिळणारे कलावंत. "फार ज्वलंत विषय आहे," त्या म्हणाल्या. "आवाजासाठी आम्हाला तुम्हीच हवे."

दाजीबाने छाती पुढे काढली. "उंबरं आधी. रोजच्या रोज. चोचीतल्या चोचीत."

"दाजीबा," घोरपडेबाई दुखावल्या, "तुम्ही असे नव्हता हो." आणि गेल्या.

वसुमतीने दाजीबाच्या मानेवरची पिसं चोचीने सारखी केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दाजीबा असा फुलला की दोन फांद्यांवर मावेना.

दुपारी कुंदा पहिल्यांदा एकटी उडून आली. चोचीत सागाचं पान होतं.

"आई! बाबा! मला काम मिळालं! घोरपडेबाई वाटेत भेटल्या. बूम धरायचा!"

"किती उंबरं?" वसुमतीने विचारलं.

"नाव येणार आहे," कुंदाचे डोळे चमकत होते. "एकटीचं. अख्ख्या पडद्यावर. बाबा, तुम्ही फटीतून रोज सांगायचात ना, तसंच!"

वसुमतीने मान वळवली आणि दाजीबाकडे पाहिलं. "आता सांगा तिला," ती म्हणाली.

 

मुलांनो, धनेशाला गोल होता येत नाही. मान लांब, चोच त्याहून लांब. पण दाजीबाने मान खाली घातली, चोच पोटात खुपसली आणि शेपूट जमेल तेवढी डोक्यावर ओढली. नुसताच वाकडा झाला बिचारा. तरी संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला.

तात्पर्य : ज्यांना रोजच्या रोज भूक लागते, त्यांनी कलेची सेवा करू नये, त्याने कलेचा खोळंबा होतो. कला ही गोल होणाऱ्यांसाठी आहे, आणि गोल होणं लहानपणीच शिकावं लागतं. म्हणून चला, वह्या ठेवा खाली. गुडघे छातीशी घ्या. हनुवटी आत. आणखी आत. शाब्बास. आता बाहेरून कोणीही, अगदी ओळखीच्या आवाजात, काहीही मागितलं तरी उघडायचं नाही.